कूलरची फरशी



मागच्या खेपेला तळघरातलं पाणी आणि संप-पंप यावर लिहिलं होतं. त्यावर दोन-तीन जणांनी कळवलं की घराचं पुरे झालं, आता धंद्याच्या जागेतल्या कामाबद्दल लिही. रास्त आहे. आपल्यातले बरेच जण हल्ली नोकरी सांभाळून दुकान, केटरिंग, रेस्टॉरंट असं काहीतरी काढून बसलेत. तर आजचा विषय : वॉक-इन कूलर आणि फ्रीजरची जुनी फरशी काढणे. ऐकायला रुक्ष आहे, मान्य. पण घरच्या बाथरूमची फरशी उचकटणं आणि हे काम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक स्वस्तातल्या एस्टिमेटमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

हे मला कळायचं कारण म्हणजे माझे साडू. मध्य जर्सीत त्यांचं किराणा दुकान आहे. जागा भाड्याची, इमारत १९६० च्या दशकातली, पूर्वी तिथे सुपरमार्केट होतं. मागच्या बाजूला दोन थंड खोल्या. कूलरमध्ये साधारण ३८ फॅरनहाइट, म्हणजे आपले तीन-साडेतीन अंश. तिथे भाजी, दूध, दही, पनीर. त्याला लागून फ्रीजर, शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस. तिथे पराठे, खवलेला नारळ, उकडीचे मोदक, पापलेट, बोंबील. गेल्या सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, हेल्थ इन्स्पेक्टर येऊन शेरा मारून गेला. कूलरमध्ये पाणी साचतं, भिंत आणि जमीन जुळते तिथली गोलाई तुटली आहे, फ्रीजरच्या दाराशी जमीन पायाखाली दबते. इन्स्पेक्टरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एफडीएच्या फूड कोडमध्येच लिहिलंय की भिंत-जमिनीचा सांधा गोलाईदार हवा आणि त्यात १ मिलिमीटरहून मोठी फट नको. आमच्याकडच्या फटीत पाच सेंटचं नाणं उभं राहत होतं.

साडूभाऊंनी तीन कोटेशन्स मागवली. दोन महाग, एक निम्म्याने स्वस्त. स्वस्तवाला म्हणाला, शनिवारी रात्री दुकान बंद झालं की सुरू करतो, सोमवारी सकाळी तुम्ही भाजी लावा. महागवाल्या दोघांनी आधी विचारलं, "इमारत कधीची?" आणि लगेच, "टेस्ट केलीय का?" साडूभाऊंना वाटलं, ही गिऱ्हाइकाला घाबरवून बिल फुगवायची रीत. मला बोलावलं ते फक्त एक्सेल शीट मांडून द्यायला.

माझी बारा वर्षं जुन्या सिस्टिम्स नव्यावर हलवण्यात गेली आहेत. त्या कामात एक खोड लागते. जे काढायचंय ते कोणी, कधी आणि कशावर बसवलं हे बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणून मी म्हटलं, "एक कोपरा उघडून बघू, मग आकडे मांडू."

स्वस्तवाल्याने आपला माणूस पाठवला. पन्नाशीचा, ग्वाटेमालाचा कारागीर, हातात कटावणी आणि स्क्रेपर. वरचा एपॉक्सीचा थर पापुद्र्यासारखा निघाला. खाली प्लायवूड, ओलं होऊन फुगलेलं. ते उचकल्यावर खाली नऊ इंच बाय नऊ इंचांच्या गडद टाइल्स, आणि एका फुटक्या टाइलखाली काळा, डांबरासारखा गोंद. तो माणूस थांबला. गुडघ्यांवर बसल्या बसल्या थोडा मागे सरकला, पुठ्ठ्याचा तुकडा त्या भोकावर ठेवला, आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "एस्तो नो." हे नाही. मग फोन काढून मुकादमाशी बोलायला बाहेर गेला. परत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. त्याला सांगण्यात आलं होतं की शनिवारी रात्री हेच काढायचंय.

आता यातलं तंत्र थोडक्यात. छोटा कूलर पुष्कळदा दुकानाच्या आहे त्या जमिनीवरच उभा करतात. त्याला स्वतःचा तळ नसतो, नुसत्या इन्सुलेशनच्या भिंती आणि छत. म्हणजे साठ वर्षांपूर्वी सुपरमार्केटच्या जमिनीवर जे काही चिकटवलं होतं, ते तसंच कूलरच्या आत राहतं आणि त्यावर लोक थर चढवत जातात. त्या काळातल्या नऊ इंची टाइल्स आणि काळा डांबरी गोंद ही जोडी दिसली की ॲस्बेस्टॉसचा संशय घ्यायचा. बारा इंचीही सुटत नाहीत. डोळ्यांनी ओळखता येत नाही. तुकडा लॅबमध्ये जातो, तिथे ध्रुवीकृत प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली बघतात. ओशाचा, म्हणजे कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम तर उलट्या बाजूने लिहिलाय : १९८० पर्यंत बसवलेल्या अशा फ्लोअरिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असंच धरायचं, नसल्याचं सिद्ध होईपर्यंत. मला हा नियम फार आवडला. आमच्या क्षेत्रात सिक्युरिटीवाले हेच ओरडून सांगतात आणि कोणी ऐकत नाही.

त्या रात्री साडूभाऊंच्या स्वयंपाकघरात बैठक बसली.

"अरे, साठ वर्षं लोक त्यावरून चालले. कोणाला काय झालं?"

"चालून काही होत नाही," मी म्हटलं. "टाइल अख्खी असली की तंतू आत अडकलेले असतात. फोडली, घासली, कोरडं खरवडलं की ते हवेत जातात. शनिवारी रात्री नेमकं तेच करणार आहेत."

"एक रात्र तर आहे. मास्क लावतील."

"कुठला मास्क? आणि कूलरचा पंखा?"

पंख्याचा मुद्दा त्यांना चटकन पटला, कारण ते दुकानदार आहेत. थंड खोलीत छताजवळ जे युनिट असतं, ते आतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून गार पत्र्यांमधून फिरवतं. फोडाफोडी चालू असताना तो पंखा चालू राहिला तर सगळी धूळ त्या ओल्या पत्र्यांत जाऊन बसते, आणि पुढे कित्येक दिवस कोथिंबिरीवर पडत राहते. पंखा बंद करून युनिट प्लॅस्टिकने सीलबंद केल्याशिवाय त्या खोलीत छिन्नीसुद्धा लावू नये. स्वस्त कोटेशनमध्ये याचा उल्लेखही नव्हता, कारण सोमवारी सकाळी खोली थंड हवी तर युनिट बंद ठेवून चालणारच नाही.

तरी साडूभाऊ म्हणत राहिले, दिवाळी पाच आठवड्यांवर आलीय. त्यांचंही खरं होतं. वर्षाच्या विक्रीतला मोठा हिस्सा त्या तीन आठवड्यांत होतो, आणि फ्रीजर बंद म्हणजे अर्धं दुकान बंद. शेवटी ताई म्हणाली (ती दुकानाची वही बघते, बोलते कमी), "रविवारी त्या कूलरमध्ये क्रेट लावायला आपला मुलगा असतो. या रविवारी पाठवाल का त्याला?" साडूभाऊ काही बोलले नाहीत. सकाळी उठून त्यांनी स्वस्तवाल्याला नाही कळवलं.

लॅबचा रिपोर्ट चार दिवसांत आला. टाइलमध्येही क्रायसोटाइल, गोंदातही. मग परवाना असलेली मंडळी आणावी लागली, आणि घरमालकाशी भाडेकराराच्या कलमांवरून दोन आठवडे ईमेल-युद्ध झालं. ते सांगत बसत नाही. वकिलाने एक पत्र लिहिलं आणि खर्च निम्मा-निम्मा ठरला. एवढंच सांगतो की जुन्या इमारतीत दुकान घेणाऱ्यांनी सही करण्याआधी "आतली दुरुस्ती भाडेकरूची" या वाक्यात ॲस्बेस्टॉस बसतं की नाही हे वकिलाला जरूर विचारावं. आमच्या करारात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

या मंडळींचं काम मी काचेबाहेरून बघितलं. कूलर म्हणजे आधीच एक सीलबंद डबा, त्याचा त्यांना फायदाच झाला. दारावर प्लॅस्टिकचे पडदे, आतली हवा हेपा फिल्टरमधून बाहेर ओढणारं यंत्र, त्यामुळे हवा नेहमी बाहेरून आतच जाते. टाइल्स शक्यतो अख्ख्या काढायच्या. वरून गरम करून, गोंद मऊ झाला की पातळ पात्याने उचलायच्या. गोंद खरवडायचा तो ओला करूनच. कोरडा झाडू मारायला बंदी, ब्रशवाला व्हॅक्यूम नाही, सँडिंग तर अजिबात नाही. हे सगळं ओशाच्या नियमात शब्दशः आहे, यांच्या मनाचं नाही. गोंद सॉल्व्हंटने विरघळवायचा दुसरा रस्ता असतो, पण अन्नाच्या खोलीत त्याचा वास राहतो, आणि काँक्रीटमध्ये मुरलेलं सॉल्व्हंट वरच्या नव्या थराला धरू देत नाही. म्हणून तो रद्द केला.

भिंतीच्या पॅनेल्सखाली गेलेल्या टाइल्स मात्र काढता आल्या नाहीत. त्यासाठी अख्खा कूलर उतरवावा लागला असता. त्या तिथेच ठेवल्या, कडा सील केली, आणि नकाशावर खूण केली. यावर कोणी नाक मुरडेल. पण न हलवलेली, झाकलेली टाइल हा काही गुन्हा नाही. २०२४ च्या मार्चमध्ये इपीएने क्रायसोटाइलवर बंदी जाहीर केली, तीसुद्धा पुढच्या आयात-वापराची. इमारतींत आधीच चिकटलेलं तिथेच आहे. आणि आपल्याकडे? आपण ज्याला सिमेंटचे पत्रे म्हणतो, ज्यांच्याखाली आपल्यातल्या कित्येकांच्या शाळेच्या सायकली उभ्या असायच्या, ते ॲस्बेस्टॉसचेच असायचे. भारतात ते अजूनही येतं आणि वापरलं जातं.

त्यानंतर काँक्रीट घासायचं होतं. इथे दुसरी धूळ सुरू होते, सिलिकाची. काँक्रीटमधली वाळू बारीक झाली की ती फुफ्फुसात बसते. २०१६ मध्ये ओशाने याची मर्यादा कडक केली : आठ तासांच्या सरासरीने हवेच्या घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला नसेल तर बंद खोलीत ही मर्यादा पाळणं जमतच नाही. आपण लहानपणी पाटीवर लिहायचो त्या पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौरला बनत. तिथल्या कामगारांच्या सिलिकोसिसवर आपल्या देशात बराच अभ्यास झालेला आहे. तरुण माणसं गेली. ती धूळ हीच.

आणखी एक महत्त्वाचं. थंड खोलीत पेट्रोल किंवा प्रोपेनवर चालणारं यंत्र न्यायचं नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डबा भरायला वेळ लागत नाही. निओश वगैरे संस्थांनी १९९६ मध्ये खास याच विषयावर इशारा काढला होता. यंत्र विजेचंच हवं. आणि काम सुरू करण्याआधी आतून दार उघडायची मूठ चालते का, ते बघून घ्यायचं.

आता फ्रीजर. याची गंमत वेगळी. फ्रीजरला स्वतःचा तळ होता : वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली प्लायवूड, त्याखाली फोम. दाराशी जिथून पॅलेट-जॅकची चाकं जातात तिथे पत्र्याचा सांधा उघडला होता. वरून जमीन पुसण्याचं पाणी आत, आणि खालून जमिनीतली वाफ. वाफ नेहमी गरम बाजूकडून थंडीकडे जाते, म्हणून फ्रीजरमध्ये वाफ अडवणारा थर इन्सुलेशनच्या खाली, म्हणजे जमिनीच्या बाजूला लागतो. इथे तो नव्हताच. पत्रा कापल्यावर फोम कसला, बर्फाची लादी निघाली. ओला फोम इन्सुलेशनच्या कामाचा नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं जमीन गार करत बसला होता. साडूभाऊंचं विजेचं बिल का चढत होतं, त्याचं उत्तर तिथे पडलेलं होतं.

पण मी पाणसळ लावली तेव्हा दिसलं की खालचं काँक्रीटही मधोमध सव्वा इंच वर आलंय. दार घासतंय अशी तक्रार दोन वर्षं चालू होती, आणि दोनदा बिजागऱ्या बदलून झाल्या होत्या. बिजागऱ्यांचा काही दोष नव्हता. जमीन गोठली होती. इंजिनियरिंगला शिकलेलं आठवतंय का? पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. पण एवढ्याने फरशी इतकी उचलली जात नाही. खरा प्रकार असा की गोठणाऱ्या थराकडे बारीक मातीतून खालचं पाणी वर ओढलं जातं, आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. जोवर खाली पाणी आणि वर थंडी आहे, तोवर हे थांबत नाही. म्हणून मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये फ्रीजरच्या जमिनीखाली चक्क हीटर असतो. विजेची केबल, नाहीतर गरम ग्लायकॉलचे पाइप. फ्रीजरखाली हीटर हे ऐकून साडूभाऊ इतके हसले की ताई बघायला आली :-)

अशी फरशी घाईने फोडू नये. आधी विरघळू द्यायचं. आम्ही युनिट बंद केलं आणि पंपांनी पाणी काढत राहिलो. फोम चार दिवसांत सुटला, पण खालची जमीन बसायला पुढे दोन आठवडे लागले. त्याच्या आधी नवा थर घातला असता तर बर्फ गेल्यावर तो पोकळीवर लोंबकळत राहिला असता. स्वस्तवाल्याच्या सोमवार सकाळचा इथेही निकाल लागतो.

माल कुठे ठेवला? पार्किंगमध्ये भाड्याचा रीफर ट्रेलर, टाऊनशिपची परवानगी काढून. फूड कोडप्रमाणे थंड माल ४१ फॅरनहाइटच्या आत राहायला हवा, म्हणून ट्रेलर आदल्या दिवशीच गार करून ठेवला आणि माल थेट हलवला. तापमानाची नोंद दर पंधरा मिनिटांनी आपोआप होईल असं एक यंत्र मी बसवलं. (एकदाचा माझ्या डिग्रीचा उपयोग झाला.)

नवीन फरशीचं थोडक्यात. साधी एपॉक्सी ५० फॅरनहाइटखाली नीट पक्की होत नाही. एमएमए नावाची एक जात कडाक्याच्या थंडीतही तासाभरात पक्की होते, पण तिचा वास इतका उग्र की दुधाशेजारी नको. कूलरला युरेथेन-सिमेंट घेतलं, कारण गरम-थंडीला ते काँक्रीटइतकंच फुगतं-आक्रसतं. फ्रीजरला वाफ अडवणारा थर, हीटरची केबल, नवं इन्सुलेशन, वर काँक्रीट. सप्टेंबरच्या दमट हवेत गार काँक्रीटला घाम फुटतो, आणि घामावर कुठलाच लेप टिकत नाही. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ५ फॅरनहाइट गरम असल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा कंत्राटदाराचा दंडक होता. एक अख्खा दिवस त्याची माणसं नुसती बसून होती. साडूभाऊ येरझाऱ्या घालत होते.

सुरू करताना फ्रीजर एकदम उणे १८ वर न्यायचा नाही. रोज थोडं थोडं उतरवायचं, आणि गोठणबिंदूच्या जरा वर काही दिवस थांबून काँक्रीटमधलं पाणी जाऊ द्यायचं. कूलरमध्ये माल परत नेण्याआधी भिंती, मोरीची जाळी, युनिटचे पत्रे सगळं धुऊन नमुने लॅबला पाठवले. हे नखरे वाटतील. पण लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला मोरीचा ओलावा आवडतो. १९९८ मध्ये मिशिगनमधल्या एका मांस-कारखान्यातून त्याची साथ देशभर पसरली, माणसं दगावली, आणि संशय गेला तो तिथलं जुनं शीतकरणाचं युनिट काढताना उडालेल्या धुळीवर.

दिवाळीला कूलर चालू होता. फ्रीजर मात्र नाही; मोदक आणि पराठे ट्रेलरमधूनच विकले, आणि साडूभाऊ गिऱ्हाइकांना जिन्याची ती लोखंडी पायरी सांभाळा म्हणून बजावत होते. एकूण खर्च स्वस्त कोटेशनच्या जवळपास पाचपट झाला. निम्मा ॲस्बेस्टॉसचा खर्च मालकाचा, तरीही. साडूभाऊ अजून तो आकडा जेवताना काढतात. मी त्यांना एकच सांगतो की स्वस्तवाल्याचा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. उरलेलं बिल त्या ग्वाटेमालाच्या माणसाच्या फुफ्फुसात जाणार होतं. ॲस्बेस्टॉसचा आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. तेव्हा कोणत्या शनिवारी कोणाच्या कूलरमध्ये काय फोडलं, हे त्याला कुठून आठवणार?

तो माणूस नंतर एकदा दुकानात आला होता, हिरव्या मिरच्या आणि मसूर घ्यायला. साडूभाऊंनी त्याला आत नेऊन नवीन फरशी दाखवली. त्याने बुटाच्या टाचेने भिंतीजवळची गोलाई दाबून बघितली, मान डोलावली, आणि विचारलं की काढणाऱ्यांना तासाला किती मिळाले. साडूभाऊंनी सांगितलं. आता तो त्या परवान्याच्या कोर्सची चौकशी करतोय. फॉर्म भरायला ताई मदत करतेय, इंग्रजीचा जरा प्रश्न आहे.

लॅबचा रिपोर्ट, टाइल्सचा नकाशा आणि फोटो एका पाकिटात घालून कूलरच्या विजेच्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेत, पुढे कोणी कटावणी घेऊन येईल त्याच्यासाठी. रीफर ट्रेलरच्या विजेच्या जोडणीबद्दल किंवा तापमान नोंदवायच्या यंत्राबद्दल कोणाला हवं असल्यास मला वैयक्तिक मेल टाका, यादीवर नको. पुढच्या खेपेला गटारीची लाइन आणि झाडाची मुळं.

आपला,
जर्सीकर